तोंड एक, हात दोन

खानदेशात मार्च लागला की माणसांची तोंडं दिसेनाशी होतात. भुसावळचा पारा ४५ अंशांकडे निघालेला असतो. जळगावच्या टॉवर चौकात भर दुपारी उभे राहिलात तर दुचाकीवरून जाणारं प्रत्येक डोकं रुमालात, उपरण्यात नाहीतर ओढणीत गुंडाळलेलं दिसेल. डोळ्यांपुरती तेवढी फट. उधारी मागणारा आणि उधारी बुडवणारा, दोघंही एकाच वेशात. अशा वेळी बोलायचं तर आधी रुमालाची गाठ सोडा, झळ तोंडावर घ्या, मग शब्द काढा. त्यापेक्षा हात उचलणं परवडतं. खानदेशी हातवाऱ्यांचा उगम या उन्हात आहे, असा माझा एक सिद्धांत आहे. त्याला पुरावा नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आजही आहे. पण त्या दफ्तरांत हातवाऱ्यांचं एखादं रुमालबंद बाड असेल, अशी आशा मी धरलेली नाही.

शिवाय हा सिद्धांत डिसेंबरात आपोआप कोसळतो. थंडीत शेतावर भरताची पार्टी असते. बामणोदची, आसोद्याची हिरवी लांबट वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जात असतात, कोणी मुसळानं ठेचत असतं, कोणी कळण्याच्या भाकरी मोजत असतं. तोंडं सगळ्यांची उघडी आणि आवाज चार शेतं ओलांडून जाईल एवढा. तरी हात थांबत नाहीत. म्हणजे कारण दुसरंच असलं पाहिजे.

ते असं. आमच्याकडचा माणूस बोलायला मोकळा, पण त्याला कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘नाही’ म्हटलं की समोरच्याचा मान गेला. आणि गेलेला मान आमच्याकडे विसरला जात नाही. तो वीस वर्षांनी पुतणीच्या लग्नात, ऐन मानपानाच्या वेळी, नारळ-टोपीसकट बाहेर येतो. म्हणून कामाची वाटणी झालेली आहे. मान राखायचं काम तोंडाकडे आणि खरं सांगायचं काम हाताकडे. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतात आणि यात कोणाचाही गोंधळ होत नाही.

रस्त्यावर बघा. जळगाव-धुळे मार्गावर एरंडोल किंवा पारोळ्याच्या अलीकडे फाट्यावर दहा माणसं एसटीला हात दाखवत उभी असतात. गाडी खच्चून भरलेली. चालकाला थांबायचं नसतं, पण न थांबता नुसतं निघून जाणं त्याच्याही जिवावर येतं. तो स्टेअरिंगवरचा एक हात उचलतो आणि अंगठा खांद्यावरून मागं नेतो. अर्थ: मागून येतेय, रिकामी आहे. मागची गाडी येते. तिचा चालकही अंगठा मागं नेतो. या हिशेबानं खानदेशातली सर्वांत शेवटची एसटी पूर्ण रिकामी धावत असली पाहिजे. ती अजून कोणी पाहिलेली नाही. गाडीत शिरलेल्याची गत निराळी. तो तिघांच्या बाकापाशी उभा राहतो आणि पंजाची कड हवेत बाजूला सरकवतो: सरका जरा. बसलेला माणूस लगेच मान डोलावतो, दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलतो, हलतो, आणि होता तिथंच बसतो. मान राखला गेला. जागाही राखली गेली.

पण हातांची खरी परीक्षा पंगतीत. धोंड्याचा महिना आठवा. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि ऐन पावसात खानदेशातले जावई चिखल तुडवत सासुरवाडीला पोचले. ताटात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. पाव्हण्याला सुरुवातीपासून ‘नको’ म्हणावंच लागतं; पण ते तोंडानं म्हटलं तर सासऱ्याचा मान जातो, म्हणून पंजा पुढं येतो. या पंजाच्या उंचीवर सगळा अर्थ अवलंबून असतो. ताटापासून वीतभर वर धरलेला पंजा म्हणजे ‘वाढा, भूक आहे, पण आपली अजून तेवढी ओळख नाही’. पंजा ताटाला टेकला की ‘अर्धी वाढा’. दोन पंजे एकमेकांवर आले तर आतल्या खोलीत बातमी जाते की पाव्हणे आता रंगात आले. आणि पाव्हणा छातीसकट ताटावर ओणवा झाला, तर त्याला कदाचित खरंच नको असावं, असं मानायला जागा आहे. पण कदाचितच. वाढणारा अशा वेळी खांद्यामागून येतो.

वाढणाऱ्याचीही स्वतःची खूण असते. तो अंगठ्याचं नख करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवतो: एवढूशी. ‘ल्या ना पाव्हना, लाजू नका.’ मग त्या एवढूशा पेराच्या बदल्यात एक अख्खी बट्टी ताटात पडते आणि पाठोपाठ पंजाच्या बोटांमधून वरण ओघळतं. गरम असतं. हात भाजतो, तोंड ‘वा’ म्हणतं. एवढ्यात समोरच्या भिंतीला टेकून बसलेले सासरे हवेत बोट गोल फिरवून हनुवटीनं जावयाच्या ताटाकडे दाखवतात आणि दाराआडून सासूबाई दोन बोटं वर करतात. दोन म्हणजे आणखी दोन. जावयाला हे सगळं दिसत असतं, पण त्याला ते दिसलेलं नसतं, हा रिवाज आहे. तो खाली बघून बट्टी कुस्करत राहतो.

जळगावपासून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. आमच्या शाळेच्या सहली तिथंच जात. तिथं लेण्यांत बोधिसत्त्वांचे, राजांचे, दासींचे शेकडो हात रंगवलेले आहेत आणि एकेका बोटाच्या वळणावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. अभयमुद्रेतला हात तर सगळ्यांना माहीत असतो: पंजा समोर, बोटं वर, भिऊ नका. पंगतीत जावई अगदी तसाच हात धरतो. पण तिथं तो अभय मागत असतो, आणि ते त्याला कोणी देत नाही.

हातवाऱ्यांच्या अभ्यासाला लोक हसतात, पण त्याला मोठी परंपरा आहे. इटलीतल्या नेपल्स शहरात आंद्रेआ दे योरिओ नावाचा एक धर्मगुरू होता. पुराणवस्तूंचा मोठा जाणकार. जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या आकृत्या हात असे वेडेवाकडे का करतात, हे त्याला उलगडेना. मग तो रस्त्यावर उतरला, मासळी विकणाऱ्या, भांडणाऱ्या, उधारी नाकारणाऱ्या नेपल्सकरांचे हात बघत फिरला, आणि १८३२ साली त्यानं त्यावर चांगला जाडजूड ग्रंथ छापला. त्याचं म्हणणं असं की रस्त्यावरच्या माणसाचे आणि भांड्यांवरच्या आकृत्यांचे हात एकच भाषा बोलतात. असा एखादा माणूस जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सोडायला हवा. दुकानदारानं भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक मनगट फिरवून पंजा उताणा करतं, त्या एका हालचालीवर त्याची दोन प्रकरणं सहज होतील.

खुणेचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती नाकबूल करता येते. शब्द तोंडातून गेला की गेला. हात मात्र वाटेत बदलता येतो. हळदीच्या रात्री मांडवाच्या मागच्या बाजूला कोणीतरी नवरदेवाच्या मित्राकडे बघून मूठ वळतो, अंगठा ओठांकडे नेतो आणि भुवया उडवतो: व्यवस्था आहे का? तेवढ्यात माळकरी काका समोरून येतात. अंगठा ओठांपाशी पोचलेला असतो, परत फिरायला वेळ नसतो. तो तसाच वर सरकतो आणि मिशी साफ करू लागतो. काका ‘राम राम’ म्हणतात. काकांनाही सगळं कळलेलं असतं, कारण तिशीत असताना त्यांनीही मिशीच साफ केली होती. बोटाचंही तसंच. डोक्याभोवती बोट फिरवून ‘याचं जरा सटकलंय’ म्हणताना तो माणूस वळला, की बोट कानात जातं आणि कान खाजवतं. खानदेशात इतके लोक कान खाजवताना दिसतात, ते सगळे कानाच्या दुखण्याचे नसतात.

अमेरिकेतल्या पोरांचं मात्र उलटं. तिथल्या कॉलेजांत २००० नंतरच्या दशकात एक खूण फार चालली. चारचौघांत कोणी नको ते बोललं, एखाद्या पोरीसमोर तिच्या जुन्या मित्राचं नाव निघालं आणि सगळे गप्प झाले, की एकानं एका हाताच्या पाठीवर दुसरा पंजा पालथा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंचे अंगठे गोल गोल फिरवायचे. ते म्हणे कासव. कासव पाण्यात पाय मारतंय, म्हणजे इथं आता अवघडल्यासारखं झालंय. पुढं त्याचे आणखी प्राणी, झाडं वगैरे निघाली. गंमत अशी की हाच हात आमच्याकडे शेकडो वर्षं चालू आहे. संध्येतल्या मुद्रांमध्ये आणि भरतनाट्यात पंजावर पंजा ठेवून अंगठे बाजूला काढले की तो मासा होतो, मत्स्यमुद्रा. कासवाची मुद्रा वेगळी. म्हणजे अमेरिकन पोरं इतकी वर्षं एकमेकांना मासे दाखवत होती. पण खरा फरक प्राण्यात नाही. त्यांचं कासव सगळ्यांना ओरडून सांगतं की बघा, इथं कशी पंचाईत झाली. आमचा हात, पंचाईत झालीच नाही असं दाखवून माणसाला मागच्या दारानं बाहेर काढतो. मला आमची पद्धत जास्त पसंत आहे. पाहुणे तरी परत येतात.

जिथं तोंडाला पूर्ण मनाई असते, तिथं तर सगळा कारभार हातांवर पडतो. आमच्याकडे कोणी गेलं की नातेवाईक ‘दारावर’ जातात. क्रूझरमध्ये बारा-पंधरा माणसं बसून येतात, बायका आत जातात, पुरुष ओट्यावर सतरंजीवर बसतात. आल्यावर कोणी ‘या’ म्हणत नाही, निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. म्हटलं तर अपशकुन. मग निघायचं कळायचं कसं? प्रत्येक क्रूझरमध्ये एक आबा असतात. बाकी सगळे खाली मान घालून सतरंजीच्या रेघा बघतात, पण प्रत्येकाचं अर्धं लक्ष आबांच्या गुडघ्यावर असतं. आबांचा हात गुडघ्यावर आला की जिवात जीव येतो. पण नुसता हात येऊन भागत नाही. कधीकधी तो कापसाच्या भावाचा विषय निघाल्यामुळे आलेला असतो आणि तसाच परत जातो. हात गुडघ्यावर आला, टोपी सारखी झाली आणि मग हात जोडले गेले, तर उठायचं. चालकाला यातलं काही दिसत नसतं, तो रस्त्यावर गाडीत झोपलेला असतो. त्याच्यासाठी एक पोरगा कोपऱ्यावर उभा असतो, तो हवेत चावी फिरवून दाखवतो.

याच ओट्यावर मी एका पासष्टी उलटलेल्या गृहस्थाला घरच्या मुलाकडे बघून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं करंगळी वर करताना पाहिलं आहे. पहिलीच्या वर्गात बाईंना दाखवतात तीच करंगळी. मुलानं तेवढ्याच गंभीरपणे परसाकडे बोट दाखवलं. शाळेत शिकलेलं एवढं तरी आयुष्यभर उपयोगी पडतं.

निघताना आणखी एक हातघाई ठरलेली असते. दुःखाच्या घरी नव्हे, एरवीच्या भेटीला. घरधनी खिशातून नोट काढतात आणि पोराच्या हातात कोंबू लागतात. आई पोराचं मनगट धरते. ‘नको हो मामा, कशाला?’ मामांचं उत्तर ठरलेलं: ‘तुमले थोडंच दी ऱ्हायनू, पोरले दी ऱ्हायनू.’ इथं तीन हात कामाला लागलेले असतात, पण बघण्यासारखा असतो तो आईचा. तिनं मनगट घट्ट धरलंय असं वाटतं. प्रत्यक्षात तिनं ते नोटेच्या उंचीवर स्थिर धरलेलं असतं. पोराची मूठ केव्हाच मिटलेली असते. एवढं होऊनही एखादी आई खरोखरच नको म्हणाली, तर मामा गाडी सुटेपर्यंत थांबतात आणि नोट खिडकीतून आत टाकतात.

पैशाचा विषय निघाला की हात लपतातही. गुरांच्या बाजाराची जुनी रीत आहे. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं किंवा रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून बैलजोडीचा भाव ठरवतात. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच; शेकडा की हजार, ते दोघांना ठाऊक. वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू असतात. बैलाचा मालक शेजारीच उभा असतो आणि त्याला आपल्या बैलाचा भाव सोडून सगळं ऐकू येत असतं. वाशीच्या बाजारात हापूसचे सौदेही अशाच रुमालाखाली होत आले आहेत. एवढ्यापुरतं मला हसू येतं. सोयरिकीच्या बैठकीत मात्र येत नाही. हुंड्याला १९६१ पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे मुलाकडचे तोंडानं छातीठोक सांगतात की आम्हाला फक्त मुलगी आणि नारळ द्या. आणि मध्यस्थ मुलीच्या बापाला पान खायच्या निमित्तानं अंगणात नेऊन बोटं दाखवतो. तो हातवारा मोडून काढायला हवा. तो दाखवणाऱ्याला कान खाजवायचीही सवलत देऊ नये.

वर्षातून एक दिवस असा येतो की खानदेशात तोंड आणि हात एकच बोलतात. तो दिवस आखाजीचा. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. गौराई बोळवायला नदीवर निघाल्या की पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बायका उभ्या असतात, आणि मग दोन काठांवरून शिव्यांचा जो पाऊस पडतो तो ऐकायला पुरुषांना बंदी. एरवी वर्षभर पदर सावरत ‘हो मामंजी’ म्हणणाऱ्या बायका कमरेवर एक हात ठेवून दुसरा हात खांद्यापासून फिरवतात. मान राखायचा नसतो, काही लपवायचं नसतं, वाटेत हात फिरवून कान खाजवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी पुन्हा ‘च्या पीसन जा’ म्हणायला मोकळ्या. पुरुषांसाठी असा एकही दिवस ठेवलेला नाही, ही उणीव मला जाणवते.

आता हे सगळे हात फोनमध्ये शिरले आहेत. जोडलेल्या हातांचं चित्र २०१० साली जगभरच्या इमोजींच्या यादीत आलं, आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपांनी दुसरं चित्र शिकायचं बंद केलं. कोणी वारलं, तेच हात. कोणाचा वाढदिवस, तेच. गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, पत्रिका आली, हात. नानांनी तीन वर्षांपूर्वी घेतलेले पैसे मागितले, तरी तेच हात. आणि इथं त्यांचा अर्थ ‘क्षमा असावी’ असा आहे की ‘विषय संपवा’ असा, हे नानांना अजून कळलेलं नाही. २०२० साली पाची बोटं चिमटीत आणलेला इटालियन हातही त्या यादीत दाखल झाला. तिकडे त्याचा अर्थ ‘काय बडबडतोयस?’ असा होतो. आमच्या मावशीनं तो लगेच उचलला आणि रोज दुपारी साडेबाराला ग्रुपवर टाकू लागली. उत्तरादाखल सगळे लिहितात, ‘हो, जेवलो.’

यात फोनचा एक तोटा आहे. फोनमधल्या पंजाची उंची बदलता येत नाही. तो वीतभर वर आहे की ताटाला टेकलाय, हे समोरच्याला कळत नाही, आणि ज्याला खानदेशात उंची कळली नाही त्याला काहीच कळलं नाही.

तेव्हा जळगाव-धुळ्याकडे कोणाच्या घरी जेवायला बसलात आणि पोट खरोखरच भरलं, तर पंजाच्या भानगडीत पडू नका. तुमचा पंजा कितीही खरा असला तरी त्याचा अर्थ तिथली माणसं लावणार. तांब्यातलं पाणी घ्या आणि सरळ ताटात हात धुवा. पाणी पडलेल्या ताटात कोणी बट्टी वाढत नाही. त्यानंतर ताक येईल. ते पेल्यात येतं, आणि त्याला नको म्हणायची खूण खानदेशात अजून निघालेली नाही. ते पिऊन घ्यावं.